शहर आपलं, सर्व्हर त्यांचा

मार्च २०१३ च्या पहिल्या आठवड्यात लाखो लोकांनी पैसे मोजून एक शहर घेतलं आणि त्यांना वेशीवरच ताटकळावं लागलं. खेळाचं नाव 'सिमसिटी', बनवणारी मॅक्सिस, विकणारी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स. दहा वर्षं वाट पाहिलेला हा खेळ एकट्याने खेळायचा असला तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं राहणं सक्तीचं होतं. पहिल्याच दिवशी सर्व्हर कोलमडले. लोक रांगेत उभे राहिले, आत गेले, मैलभर रस्ता टाकला आणि परत बाहेर फेकले गेले. काहींची बांधलेली शहरं पुसली गेली. ॲमेझॉनने डिजिटल विक्री काही काळ थांबवली. सर्व्हरवरचा भार कमी व्हावा म्हणून कंपनीने खेळातला सर्वांत जलद वेगच काढून घेतला आणि पुढे भरपाई म्हणून प्रत्येकाला दुसरा एक खेळ फुकट दिला.

याची शंका खेळ येण्याआधीच बोलून दाखवली गेली होती. जोडणी सतत कशासाठी? सर्व्हर बंद पडले तर? कंपनीला उद्या कंटाळा आला तर? तेव्हापासून शहर बांधण्याचा नवा ऑनलाइन खेळ येणार म्हटलं, की उत्सुकता आणि धास्ती जोडीनेच येतात. पुण्यातही खेळणाऱ्यांशी बोलताना हेच जाणवतं. आपल्याकडे हा विषय पोरांचा म्हणून सोडून दिला जातो, ते मला मान्य नाही. या खेळांमधून एका मोठ्या पिढीने शहर म्हणजे काय हे पहिल्यांदा समजून घेतलं आहे, आणि ज्या शहरात विकास आराखड्यावर ८० हजारांहून जास्त हरकती-सूचना येतात, त्या शहराला तर हा विषय घरचा वाटायला हवा.

उत्सुकता आधी पाहू, कारण ती खरी आहे. शहर कधीच एकटं नसतं. १९८९ मध्ये विल राइट यांनी पहिली 'सिमसिटी' केली तेव्हा नकाशाच्या चार कडांपलीकडे काहीच नव्हतं. वीज, पाणी, कचरा, गुन्हे, कर, सगळं त्या चौकटीतच निपटायचं. पुण्याचं तसं कुठे आहे? एका बाजूला पिंपरी-चिंचवड, मधोमध पुणे आणि खडकी या दोन छावण्या, हिंजवडीत एमआयडीसी, भोवती २०१५ पासून पीएमआरडीए. रस्ता एकाच्या हद्दीत रुंद होतो आणि दुसऱ्याच्या हद्दीत जाऊन चिंचोळा होतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांचं पाणी शहराला हवं, तेच पाणी दौंड-इंदापूरच्या शेतीलाही हवं. आपण वापरून सोडलेलं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं, म्हणजे आपल्या सांडपाण्याचा हिशेब सोलापूर जिल्ह्यात लागतो.

ऑनलाइन शहर-खेळ हीच गोष्ट खेळात आणू पाहतो. २०१३ च्या 'सिमसिटी'त एका प्रदेशात अनेक शहरं असत आणि प्रत्येकाचा महापौर वेगळा खेळाडू असे. एकाने कोळशावरचा वीजप्रकल्प टाकला तर वीज शेजाऱ्याला विकता येई, पण धूरही त्याच्याकडे सरके. सांडपाण्यावर प्रक्रियेची सेवा विकत घेता येई, कामगार एका शहरातून दुसऱ्यात जात, गुन्हेगारही जात. कोथरूड, हडपसर आणि विश्रांतवाडीतल्या तीन मुलांनी असा एक प्रदेश मिळून चालवला, तर महिन्याभरात त्यांना महानगर नियोजनाचं जे दुखणं कळेल ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून कळणार नाही. आपल्या फायद्याचा निर्णय शेजाऱ्याच्या अंगावर कसा जातो, हे तिथे हाताने अनुभवता येतं. म्हणून ऑनलाइन या शब्दालाच नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण ही कल्पना ज्यांनी ज्यांनी बाजारात आणली त्यांचा इतिहास आश्वासक नाही. पॅरिसच्या मोन्ते क्रिस्तो कंपनीने २००९ च्या शरदात 'सिटीज एक्सएल' आणला. एकट्याने खेळायचा भाग वेगळा होता. महिन्याची वर्गणी भरली की सामायिक ग्रहावर शहर वसवायचं आणि इतरांशी व्यापार करायचा. वर्गणीदार पुरेसे मिळाले नाहीत आणि काही महिन्यांतच, मार्च २०१० मध्ये, तो ग्रह बंद झाला. त्याच वर्षाच्या शेवटी झिंगा कंपनीचा 'सिटीव्हिल' फेसबुकवर आला. 'फार्मव्हिल'मध्ये मित्रांच्या वांग्याला पाणी घालणारे असंख्य लोक इथे दुकानं आणि घरं मांडू लागले, आणि थोड्याच दिवसांत महिन्याला खेळणाऱ्यांचा आकडा १० कोटींच्या घरात गेला. एप्रिल २०१५ मध्ये तो बंद झाला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा 'सिमसिटी सोशल' तर २०१२ मध्ये येऊन २०१३ मध्ये गेलाही. यातलं एकही शहर आज उघडता येत नाही. उलट १९९३ ची 'सिमसिटी २०००' किंवा २००३ ची 'सिमसिटी ४' ज्यांच्याकडे आहे ते आजही खेळतात, आणि 'सिमसिटी ४'साठी नवे रस्ते, नवी स्थानकं बनवणारे हौशी लोक दोन दशकांनंतरही टिकून आहेत.

२०१३ मध्ये सतत जोडणी का हवी याचं कंपनीने दिलेलं कारण नीट पाहण्यासारखं आहे. बरंचसं गणित आमच्या सर्व्हरवर होतं, जोडणी काढायची तर मोठं अभियांत्रिकी काम लागेल, असं सांगितलं गेलं. थोड्याच दिवसांत एका हौशी प्रोग्रॅमरने दाखवून दिलं, की खेळ जोडणीशिवायही चालू शकतो. वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, कंपनीनेच ऑफलाइन खेळण्याची सोय दिली. पण वेळ निघून गेली होती. २०१५ च्या मार्चमध्ये मॅक्सिसचा मूळ एमरीव्हिलचा स्टुडिओ बंद झाला.

योगायोग असा, की त्याच महिन्यात फिनलंडमधल्या टाम्पेरे गावच्या कोलोसल ऑर्डर या जेमतेम १३ जणांच्या कंपनीने 'सिटीज: स्कायलाइन्स' आणला. त्याला जोडणीची सक्ती नव्हती. शहराचा प्रत्येक चौरस २ किलोमीटर बाय २ किलोमीटर असे आणि असे नऊ चौरस मिळत. 'सिमसिटी'त मिळे तो असा एकच. पुण्याचं क्षेत्रफळ २०२१ मध्ये २३ गावं आत आल्यावर ५०० चौरस किलोमीटरच्या वर गेलं, म्हणजे 'सिमसिटी'च्या शहराच्या शंभरपटीहून जास्त. एवढ्याशा तुकड्यात महानगर कसलं उभं राहणार! मुख्य म्हणजे खेळाडूंनी स्वतः बनवलेल्या इमारती, चौक आणि वाहतुकीचे नियम खेळात घालायला 'स्कायलाइन्स'ने दार उघडं ठेवलं. महिनाभरात १० लाख प्रती खपल्या. एकत्र खेळण्याची सोय मात्र कंपनीने दिली नाही, ती पुढे हौशी लोकांनीच जोडली. ऑनलाइन आणि ऑफलाइन यांत एकाचीच निवड करावी लागते, हा समज त्यांनी खोटा पाडला.

या खेळाचा दुसरा भाग ऑक्टोबर २०२३ मध्ये आला तेव्हा आशा आभाळाला टेकल्या होत्या. प्रत्यक्षात तो चांगल्या संगणकावरही अडखळत होता, आणि खेळाडूंनी बनवलेली भर घालण्यासाठी आता प्रकाशक पॅराडॉक्सच्या स्वतःच्या व्यवस्थेत खातं लागतं. मार्च २०२४ मध्ये समुद्रकिनारी घरांचा एक जादा संच विकला, तो इतका अपुरा होता की कंपनीला माफी मागून पैसे परत करावे लागले. अर्थव्यवस्थेचं गणितही चुकत होतं. घरोघरी 'भाडं परवडत नाही'ची खूण दिसे. जून २०२४ मध्ये ते गणित नव्याने मांडलं गेलं आणि त्यात खेळातला अदृश्य घरमालक काढून देखभालीचा खर्च भाडेकरूंमध्ये वाटला गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रकाशक आणि कोलोसल ऑर्डर वेगळे होत असल्याचं जाहीर झालं. २०२६ पासून खेळ दुसऱ्या स्टुडिओकडे. कंपन्या वेगळ्या होतात, बंद पडतात, विकल्या जातात. म्हणून बंद होण्याची तरतूद पहिल्या दिवशीच हवी, असं मी आग्रहाने म्हणतो.

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीला हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. फ्लॅटचे पूर्ण पैसे भरले, पन्नास वर्षं राहिलो, पण जमिनीचं कन्व्हेयन्स बिल्डरने करून दिलं नाही. राहतो आपण, सात-बाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. सर्व्हरवरच्या शहराचं तेच आहे. महाराष्ट्राने त्यावर डीम्ड कन्व्हेयन्सचा मार्ग काढला. बिल्डर आला नाही तरी कायद्याने हक्क मिळतो. खेळांच्या बाबतीत तसं काही अजून कुठेच नाही, पण मागणी जोर धरते आहे. युबिसॉफ्टने २०१४ च्या 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले, तेव्हा विकत घेतलेला खेळ लोकांच्या हाती मेला. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. युरोपीय संघाकडच्या तिच्या नागरिक-अर्जाने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. मागणी साधी आहे: सर्व्हर खुशाल बंद करा, पण जाताना खेळ चालू राहील अशा अवस्थेत सोडून जा. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये निदान एवढा कायदा केला, की आपण मालकी देत नसून परवाना देतो आहोत हे डिजिटल विक्रेत्याने स्पष्ट सांगितलंच पाहिजे.

भारतात कायद्याचा रोख वेगळ्या दिशेला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळांना प्रोत्साहनाच्या रकान्यात ठेवलं. वर्गणी घेणारा साधा शहर-खेळ या बंदीत येत नाही. धोका आहे तो खेळातली जमीन खऱ्या पैशांत विकणाऱ्या प्रकारांचा. 'डिसेंट्रालँड' नावाच्या आभासी जगात नोव्हेंबर २०२१ मध्ये काही भूखंड सुमारे २४ लाख डॉलरना गेले होते. नंतर तो ज्वर ओसरला. एनए प्लॉटच्या जाहिरातींनी पोळलेल्या आपल्या लोकांनी अशा खेळापासून चार हात लांब राहावं, हे मी स्पष्टच सांगेन. ज्या शहरात जमीन फक्त भाव वाढेपर्यंत धरून ठेवायची असते, तिथे शाळा कुठे हवी आणि नाला कुठून जातो हे कोणी विचारत नाही.

मुलांचा प्रश्न याहून जवळचा. शहर बांधण्याचा खेळ निरागस दिसतो म्हणून पालक निर्धास्त असतात. पण मोबाइलवरच्या या प्रकारातली घडणच थांबण्यावर आधारलेली असते. कारखाना माल तयार करायला तास घेतो, थांबायचं नसेल तर हिरे किंवा नाणी विकत घ्या. २०१४ पासून चालणारा 'सिमसिटी बिल्डइट' याच घडणीचा. शहर नियोजनात धीर हा गुण आहे, इथे धीर सुटण्यावर कमाई होते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालची व्यक्ती बालक ठरते, तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांच्या वर्तनाचा माग काढण्यास मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. येणाऱ्या कुठल्याही ऑनलाइन खेळाने ही संमती एका टिकमार्कवर उरकली, तर तो तिथेच नापास.

सर्व्हर आणि पैसे यांच्या चर्चेत एक चिंता हमखास मागे पडते, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते: खेळ कुठलं शहर शिकवतो? विल राइट यांच्यावर जे फॉरेस्टर यांच्या १९६९ च्या 'अर्बन डायनॅमिक्स' या पुस्तकाचा प्रभाव होता. शहर म्हणजे एकमेकांवर परिणाम करणाऱ्या आकड्यांची यंत्रणा, ही कल्पना तिथून खेळात आली. उपयोगी आहे, पण ती अमेरिकी शहराची आहे. एक रंग राहण्याचा, एक व्यापाराचा, एक कारखान्याचा. तळमजल्यावर वाण्याचं दुकान, वर बिऱ्हाडं आणि मागच्या खोलीत शिकवणी, असा शनिवार पेठेतला वाडा या तीन रंगांत बसत नाही. २०१३ च्या 'सिमसिटी'त तर माणसाला स्वतःचं घरही नव्हतं. संध्याकाळी कामावरून सुटला की वाटेत पहिलं रिकामं घर दिसेल तिथे तो शिरे.

त्याच खेळाचे मुख्य रचनाकार स्टोन लिब्रांड यांनी एका मुलाखतीत सांगितलेली गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्यांनी खऱ्या शहरांतली वाहनतळं मोजली तेव्हा त्यांचा आकार पाहून ते थक्क झाले. तेवढी जागा खेळात दाखवली असती तर शहर म्हणजे नुसतं वाहनतळ दिसलं असतं. म्हणून ती जमिनीखाली आहेत असं गृहीत धरलं. पुण्यात २०१८ मध्ये नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली आणि तिने लोकसंख्येला मागे टाकलं. त्याच वर्षी सर्वसाधारण सभेत संमत झालेलं पार्किंग धोरण रस्त्यावर उतरू शकलं नाही. जो खेळ मोटारीला जागा फुकट देतो, तो खेळून मोठा झालेला मुलगा उद्या वेताळ टेकडीतून रस्ता काढण्याच्या वादात काय बोलेल? त्याला बालभारती-पौड फाटा रस्ता ही एक रेघ वाटेल. टेकडीची पाणी मुरवण्याची क्षमता त्याच्या खेळात कधी मोजलीच गेली नाही.

बुलडोझरचं बटण तर या खेळांत सर्वांत स्वस्त. आपल्याकडे विद्यापीठ चौकातले पूल २०२० मध्ये पाडले आणि चांदणी चौकातला ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटाने उडवला. दोन्ही वेळा पाडण्यापेक्षा नंतरचा काळ महाग पडला, कारण वाहतूक थांबवून ठेवता येत नाही. उच्च क्षमतेच्या वर्तुळमार्गाची आखणी १९८७ च्या आराखड्यात झाली आणि तो अजून नकाशावरच आहे. आरक्षण पडलेल्या जागेवर तीन पिढ्या कशा राहतात, हे दाखवणारा खेळ मला पाहायचा आहे. मगरपट्ट्यात शेतकरी कुटुंबांनी जमिनी विकून टाकण्याऐवजी एकत्र करून नगर उभारलं, तशी चाल कुठल्याही प्रसिद्ध खेळात खेळता येत नाही. टँकर नाही, झोपडपट्टी पुनर्वसन नाही, सोसायटीचा पुनर्विकास नाही. 'स्कायलाइन्स'च्या दुसऱ्या भागासोबत जाहीर झालेल्या आठ प्रादेशिक संचांत फ्रान्स, जपान, चीन आहेत, भारत नाही.

म्हणून माझी खरी उत्सुकता पुण्यातून काही येतं का याची आहे. तशी माणसं इथे आहेत. युबिसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासून आहे. नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा खेळ इथे घडवला. २०१७ मधली त्यांची निधी-मोहीम फसली, तरी २०२० मध्ये तो जगभर पोहोचला, आणि तो जोडणीशिवाय चालतो. सुपरगेमिंगच्या 'इंडस' या ऑनलाइन खेळासाठी १ कोटीहून जास्त पूर्वनोंदण्या झाल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तो आला. एकाच वेळी असंख्य लोकांना सर्व्हरवर सांभाळण्याचं कसब त्यांच्याकडे आहे. दुसऱ्या बाजूला २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवण्याची पद्धत पुणे महापालिकेत आहे, आणि आराखड्याचे नकाशे वाचू शकणारे कार्यकर्ते पेठापेठांत आहेत. स्टॉकहोममध्ये एका नव्या वस्तीच्या आखणीसाठी 'स्कायलाइन्स' वापरून तज्ज्ञांची आणि खेळाडूंची कार्यशाळा घेतली गेली. आपल्याकडे समाविष्ट गावांच्या आराखड्यासाठी असं का होऊ नये, याला मला एकही पटणारं कारण सापडत नाही.

सुरुवात कोऱ्या पाटीवर करावी लागणार नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने मूळ 'सिमसिटी' मुलांसाठीच्या स्वस्त लॅपटॉपच्या प्रकल्पाला दिली. त्या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावच्या शाळेत झाला होता. २००८ मध्ये खेळाची आज्ञावली 'मायक्रोपोलिस' या नावाने मुक्त परवान्याखाली खुली झाली. ती कोणीही उतरवून घ्यावी, बदलावी, पुढे द्यावी. पुण्यातल्या अभियांत्रिकी आणि वास्तुकला महाविद्यालयांतल्या मुलांनी एकत्र बसून तिच्यात पहिली भर घालायची तर माझी सूचना आहे: नकाशाच्या कडेपलीकडे एक शेजारी घाला, आणि आपल्या शहरातून त्याच्याकडे वाहत जाणारी नदी.